अप्पासाहेब पंत : औंधहून नैरोबी (आणि आफ्रिका 'कळणारा' मुत्सद्दी म्हणजे नेमका कोण?)

खटावी

मागच्या महिन्यात भाचीला घेऊन औंधला गेलो होतो. यमाईचं दर्शन झालं, भवानी संग्रहालय बघून झालं, आणि खाली येऊन चहा घेताना ती म्हणाली, "मामा, समजा यूपीएससीतून फॉरेन सर्व्हिस मिळाली आणि आफ्रिकेत टाकलं, तर?"

'टाकलं' हा शब्द तिचाच. मी म्हटलं, आत्ता ज्या राजाचा चित्रसंग्रह बघून आलीस, त्याच्याच मुलाला असं 'टाकलं' होतं. ती गोष्ट तिला बसमध्ये सांगितली, पण अर्ध्यातच ती झोपली. म्हणून इथे लिहितोय.

औंध म्हणजे ७२ गावांचं छोटं संस्थान. राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आपल्याला माहीत असतात ते सूर्यनमस्कारांमुळे. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब १९१२ चे. ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि परत येऊन बापाला म्हणाले, राज्य सोडा. बापानेही ऐकलं! गांधीजींचा सल्ला घेऊन, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने घटना लिहिली गेली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधात कारभार गावपंचायतींच्या हाती गेला. (हेच फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणणारे. त्यांच्यावर वेगळा धागा हवा.)

मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना नैरोबीला पाठवलं. वय छत्तीस, परराष्ट्र खात्याचा अनुभव शून्य.

हुद्दा राजदूताचा नव्हता. राजदूत स्वतंत्र देशात असतो आणि केनिया होती ब्रिटिश वसाहत. त्यामुळे हे 'कमिशनर'. हद्द मात्र बघा : केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार (शेवटचे दोन मिळून आजचा टांझानिया). पुढे त्यात दोन्ही ऱ्होडेशिया (आजचे झांबिया आणि झिंबाब्वे), न्यासालँड (आजचं मलावी) आणि बेल्जियन काँगोचीही भर पडली. एका माणसाकडे अर्धा खंड.

तिथला समाज तीन मजली. वरच्या मजल्यावर गोरे. मधल्या मजल्यावर आपले लोक, म्हणजे मुख्यतः गुजराती आणि पंजाबी : दुकानदार, रेल्वेतले कारकून, मिस्त्री, वकील. तळाला ज्यांचा देश ते. डोंगराळ भागातली उत्तम जमीन, जिला 'व्हाइट हायलँड्स' म्हणत, ती फक्त गोऱ्यांसाठी राखीव. भारतीयालाही तिथे शेत घेता येत नसे. आपल्या लोकांचं जुनं गाऱ्हाणं हेच : आम्हाला वरच्या मजल्यावर का घेत नाही?

आणि इथे दिल्लीहून आलेला हा नवा माणूस सांगायला लागला की वरच्या मजल्याचा नाद सोडा. हा देश आफ्रिकनांचा आहे, उद्या तेच राज्य करणार आहेत, तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहा. भारताच्या जिवावर खास सवलती मागू नका. हे धोरण नेहरूंचं होतं, पण ते दिल्लीत भाषणात सांगणं वेगळं आणि नैरोबीत, ज्याच्या घरी जेवायला गेलोय त्याच्याच तोंडावर सांगणं वेगळं.

माझं म्हणणं एवढंच आहे की अप्पासाहेबांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात अवघड भाग होता. इंग्रजांशी वाकडं घेणं त्या मानाने सोपं. आपल्याच माणसांना नको असलेलं सांगायचं आणि तरी त्यांचा प्रतिनिधी म्हणून राहायचं, हे काम कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात?

जाणकारांनी भर घालावी.

---

गवती चहा

छान धागा. वाचनखूण साठवली आहे. अवांतर : अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी डॉ. अदिती पंत या त्यांच्याच कन्या ना? बाप विषुववृत्तावर, लेक दक्षिण ध्रुवाकडे.

---

खटावी

हो, त्याच. १९८३ ची मोहीम, सोबत सुदीप्ता सेनगुप्ता. आणि अप्पासाहेबांच्या पत्नी नलिनीताई स्वतः शल्यविशारद होत्या. घरात स्वस्थ बसणारं कुणीच नव्हतं.

---

तिरकस

लेख चांगला, पण जरा जमिनीवर या. राजाचा मुलगा, ऑक्सफर्ड, नेहरूंची मर्जी. आजच्या भाषेत याला वशिल्याची नेमणूक म्हणतात. १९४८ मध्ये फॉरेन सर्व्हिसची पहिली तुकडी परीक्षा देऊन येत होती आणि हे थेट वरून उतरले.

दुसरं, यांना 'आफ्रिकातज्ज्ञ' कसं म्हणायचं? नैरोबीत १९४८ ते ५४, म्हणजे जेमतेम सहा वर्षं. मग सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, इटली. हा तर सगळ्या ताटातला एकेक घास झाला.

---

खटावी

नेमणूक वरून झाली हे मान्यच आहे. तेव्हा खातंच नवं होतं. आयसीएसमधले (ब्रिटिश काळातली सनदी सेवा), सैन्यातले, संस्थानांतले, चळवळीतले असे मिळतील ते लोक घेऊन गाडा सुरू केला होता. त्यात नगही निघाले आणि रत्नंही.

इजिप्त मात्र ताटातून बाजूला काढू नका. कैरो आफ्रिकेतच येतं. १९६६ ते ६९ ते तिथे होते, म्हणजे ६७ चं सहा दिवसांचं युद्ध आणि सुवेझ बंद पडणं हे त्यांच्या खिडकीसमोर घडलं. पण तुमचा मूळ मुद्दा बरोबर आहे, तज्ज्ञ हा शब्द त्यांना घट्ट बसत नाही.

---

किलीमांजारो

बऱ्याच दिवसांनी लॉगिन करून लिहितेय, कारण विषय घरचा आहे. माझ्या आईचं बालपण नैरोबीत गेलं. आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून. मराठी घरं तिथे मोजकीच, आजूबाजूला सगळे गुजराती, शीख आणि गोवेकर.

तीन मजल्यांचं वर्णन अगदी बरोबर. फक्त एक जोडते : प्रत्येक मजल्याची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, रेल्वेचा डबा वेगळा, स्टेशनवरचं मुतारीचं दारसुद्धा वेगळं. आई सांगते की तिच्या शाळेत एकही आफ्रिकन मूल नव्हतं, आणि याचं घरात कुणाला नवल वाटत नव्हतं.

आता खरं सांगू का? कमिशनरसाहेबांचा विषय निघाला की आजोबा म्हणायचे, "राजाच्या पोराला सांगायला काय जातंय!" त्यांचा राग खोटा नव्हता. महिन्याच्या पगारावर सात माणसं, गावाकडे मनीऑर्डर. गोऱ्या साहेबाने काढून टाकलं तर दिल्ली थोडीच पोसणार होती? आफ्रिकनांच्या बाजूला उभं राहा हे म्हणणं योग्यच होतं, पण त्याची किंमत आजोबांच्या खिशातून जाणार होती.

हे अप्पासाहेबांविरुद्ध लिहीत नाहीये. आईच्या आठवणीत त्यांचं घर मात्र वेगळंच आहे. तिथे काळे, गोरे, तपकिरी सगळे एकाच टेबलावर जेवतात, अशी तेव्हा गावभर चर्चा असायची. नैरोबीतल्या हॉटेलांत आणि क्लबांत हे शक्यच नव्हतं.

---

मांडवीकाठ

गोवेकरांचा उल्लेख आला म्हणून. पियो गामा पिंटो यांचं नाव या धाग्यावर आलंच पाहिजे. जन्म नैरोबीचा, १९२७. शिक्षणासाठी भारतात आले, धारवाडला कॉलेज, मग मुंबईत पोस्ट-तार खात्यात नोकरी. गोवामुक्तीच्या चळवळीत पडले, पोर्तुगीज पकडतील म्हणून १९४९ मध्ये केनियात परतले आणि तिथल्या लढ्यात उतरले. १९५४ मध्ये इंग्रजांनी स्थानबद्ध केलं. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला स्वतःच्या घरासमोर, गाडीत लेक मागे बसलेली असताना, गोळ्या घालून मारले गेले.

म्हणजे सगळे भारतीय मधल्या मजल्यावर गप्प बसले होते असं नाही. माखनसिंग हा पंजाबी कामगार पुढारी तर १९५० च्या एप्रिलमध्ये भर सभेत पूर्व आफ्रिकेला तात्काळ स्वातंत्र्य द्या म्हणाला. पुढच्याच महिन्यात उचलला आणि सुटला १९६१ मध्ये. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी जोमो केन्याटा सुटले साधारण तेव्हाच.

---

खटावी

मांडवीकाठ, धन्यवाद. आता केन्याटांपर्यंत आलोच आहोत, तर पुढचं लिहितो.

अप्पासाहेब नैरोबीत उतरले तेव्हा जोमो केन्याटा विलायतेहून परत येऊन दोनेक वर्षं झाली होती. केनियातल्या किकुयू जमातीने स्वतःच्या वर्गणीतून चालवलेलं गिथुंगुरीचं शिक्षक महाविद्यालय त्यांच्याकडे होतं. हे म्हणजे आपल्याकडची राष्ट्रीय शाळा समजा. सरकारी अनुदान नाही, मास्तरांना पगार कधी मिळतो कधी नाही, आणि पोरं मात्र भिंती बांधायला सुद्धा तयार. औंधात पंचायती आणि शाळा उभ्या करून आलेल्या माणसाला यात अनोळखी काय वाटणार? एखाद्या मुरलेल्या आयसीएस अधिकाऱ्याने तिथे 'असंतोषाचं केंद्र' पाहिलं असतं. यांनी औंध संस्थानातली आपली आटपाडी पाहिली असावी (हा माझा अंदाज बरं का).

केन्याटा, पीटर म्बियू कोइनांगे वगैरे मंडळींशी त्यांची मैत्री जमली. कचेरीचं सगळ्यात टिकाऊ काम म्हणजे आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या. त्या काळी पूर्व आफ्रिकेत उच्च शिक्षणाची नाव घेण्याजोगी संस्था एकच, कंपालाचं मकेरेरे. जागा मूठभर. जहाजाने मुंबईला उतरणारी ती मुलं इथून पदवी आणि 'चले जाव'च्या गोष्टी, दोन्ही घेऊन जात.

दुसरं काम नैरोबीतलं. गांधीहत्येनंतर तिथल्या भारतीयांनी स्मारकासाठी निधी जमवला. पुतळा करून मोकळं होण्याऐवजी सगळ्या वर्णांच्या मुलांसाठी कॉलेज काढायचं ठरलं. सरकारचंही तांत्रिक महाविद्यालय व्हायचंच होतं, तेव्हा दोन्ही योजना एक झाल्या आणि १९५६ मध्ये रॉयल टेक्निकल कॉलेज सुरू झालं. आजचं नैरोबी विद्यापीठ ते हेच. (पुतळाही झालाच शेवटी, आपण थोडेच सोडतो!)

मग आला ऑक्टोबर १९५२. माऊ माऊ उठाव (मुख्यतः किकुयूंचा, इंग्रज राजवटीविरुद्धचा सशस्त्र लढा) पेटला, नवे गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग यांनी २० तारखेला आणीबाणी पुकारली आणि केन्याटांसह सहा जणांना पकडून कापेनगुरियात खटला भरला. कापेनगुरिया म्हणजे उत्तरेकडचं आडगाव. वकिलांना राहायला जागा नाही, टेलिफोन नाही. मुक्काम किटालेला, रोज मोटारीने ये-जा. हे मुद्दामच केलेलं.

बचावासाठी इंग्लंडहून डी. एन. प्रिट आले. भारतातून नेहरूंनी खासदार दिवाण चमनलाल यांना पाठवलं. नैरोबीचे वकील कपिला, जसवंतसिंग, आणि गोवेकर फिट्झ डिसूझा, जे पुढे केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले. आरोपी आफ्रिकन आणि वकिलांच्या बाकावर निम्मे आपले. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षं सक्तमजुरी झाली ती झालीच, पण तो बाक लोकांच्या लक्षात राहिला.

गोऱ्या जमीनदारांनी सगळं खापर भारतीय कमिशनरवर फोडलं. हाच माणूस चिथावतो, याला घालवा. लंडनने दिल्लीवर दाब आणला. नेहरूंनी उघडपणे केनियातल्या दडपशाहीवर टीका केल्याने आगीत तेलच पडलं. अखेर १९५४ मध्ये अप्पासाहेबांना परत बोलावलं गेलं. त्याच वर्षी पद्म पुरस्कार सुरू झाले आणि पहिल्याच यादीत अप्पासाहेबांना पद्मश्री! इंग्रजांना काय कळायचं ते कळलं असेल.

---

तिरकस

म्हणजे शेवटी काय, राजदूत की चळवळे? ज्या सरकारने तुम्हाला राहायची परवानगी दिली त्याच्याच विरोधकांशी संधान बांधायचं. राजदूतांच्या कामाबद्दलच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये असं कलमच आहे. उद्या दिल्लीतला एखादा परदेशी राजदूत आपल्याकडच्या आंदोलकांना घरी जेवायला बोलावू लागला तर इथेच तीनशे प्रतिसादांचा धागा पडेल.

---

जुनी फाईल

तिरकस यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. करार नंतरचा असला तरी संकेत आधीपासून होताच. पण कमिशनरचा 'यजमान' कोण, हाच तर पेच होता. कागदोपत्री ब्रिटिश. पण ज्यांच्याशी पुढची शंभर वर्षं संबंध ठेवायचे ते तुरुंगात. १९५३ मध्ये कैदी असलेला माणूस जून १९६३ मध्ये पंतप्रधान झाला. त्याच्या ओळखीचं दार आधी ठोठावून ठेवलं होतं हे मुत्सद्देगिरीच्या हिशेबातही जमेकडेच येतं.

मी नोकरीनिमित्त चार वर्षं अदीस अबाबात होतो (सरकारी नव्हे, खासगी). दूतावासातल्या लोकांशी गाठीभेटी व्हायच्या. खटावींच्या भाचीने 'टाकलं' म्हटलं त्यात तिचा दोष नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच नेमणुका 'हार्डशिप'मध्ये मोडतात. हिवताप, शाळांची अडचण, विजेची बोंब. अधिकारी तीन वर्षं काढतो, भाषा कळायला लागते, कुठल्या मंत्र्याचं कुणाशी पटत नाही हे उमजायला लागतं आणि बदली येते. आपल्याकडे आफ्रिकेचं काम दिल्लीतही एका टेबलावर नाही. उत्तर आफ्रिका पश्चिम आशियाला जोडलेली, उरलेल्या खंडाचे वेगळे विभाग.

अमेरिकेत उलट. तिथे १९५८ पासून परराष्ट्र खात्यात आफ्रिकेसाठी स्वतंत्र ब्यूरो आहे. चेस्टर क्रॉकर हे गृहस्थ १९८१ ते ८९ अशी सलग आठ वर्षं त्याच्या खुर्चीवर होते. अंगोलातून क्यूबाचं सैन्य जावं आणि नामिबियातून दक्षिण आफ्रिकेने निघावं, या दोन गाठी त्यांनी एकमेकींत बांधल्या. सात वर्षं सगळे म्हणत होते की हे होणार नाही. २२ डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये सह्या झाल्या, मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र. दर तीन वर्षांनी माणूस बदलला असता तर हे झालं असतं का?

---

मांडवीकाठ

क्रॉकर यांची दुसरी बाजूही सांगा की. त्या आठ वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारला चुचकारत राहण्याचं धोरण त्यांचंच. नामिबियाच्या लोकांनी ती वर्षं काय भोगलं? तज्ज्ञ माणूस फार काळ एकाच टेबलावर बसला की त्याला स्वतःचा आराखडाच प्रिय होतो.

भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळायच्या आधी. तेव्हा आपल्याकडे एकही आफ्रिकातज्ज्ञ नव्हता.

---

जुनी फाईल

मान्य. गंमत म्हणजे क्रॉकरही मूळचे प्राध्यापक, परीक्षा देऊन आलेले मुत्सद्दी नव्हेत. त्यामुळे तिरकस यांच्या 'वरून उतरलेल्यां'च्या यादीत तेही धरा. :)

---

गवती चहा

भाचीला सांगा, फॉरेन सर्व्हिसमध्ये स्वाहिलीही घेता येते. मी हौसेने शिकतेय, निम्मे शब्द ओळखीचे निघतात : दुकानाला 'डुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा', चपातीला 'चपाती'च.

आणि पुण्यालाही आफ्रिकेचं वावडं नाही. नायजेरियाचे माजी अध्यक्ष ओबासांजो साठच्या दशकात लष्करी अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाला पुण्यात होते. मलावीचे दिवंगत अध्यक्ष बिंगू वा मुथारिका दिल्लीत शिकले, तेही शिष्यवृत्तीवरच. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ पासून आहे. कलिन्यात इतकी वर्षं काढून मला हे गेल्या वर्षी कळलं.

---

तिरकस

ते सगळं ठीक. पण किलीमांजारो यांच्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. आफ्रिकनांच्या बाजूला उभे राहा म्हणाले, मग उभे राहिलेल्यांना काय मिळालं? १९७२ मध्ये युगांडाच्या हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आपल्या लोकांना नव्वद दिवसांत हाकललं. तेव्हा कुणी विचारलं नाही की तू कोणाच्या बाजूचा होतास.

---

खटावी

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. आणि यातला एक योगायोग मला छळतो. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने ती घोषणा केली तेव्हा लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त कोण होते? अप्पासाहेबच. मुदत संपत आलेली. चोवीस वर्षांपूर्वी ज्या समाजाला 'इथलेच व्हा' म्हणून सांगितलं, तोच समाज आता ब्रिटिश पासपोर्ट हातात धरून इंग्लंडकडे निघाला होता.

माझ्या मते त्यांचा सल्ला चुकला नव्हता, तो ऐकणारे फार थोडे निघाले. पिंटो, माखनसिंग, कपिला ही माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. बाकीचे मधल्या मजल्यावरच थांबले. पण हे मी साताऱ्यात बसून म्हणतोय, हेही खरं.

---

किलीमांजारो

काल रात्री हा धागा आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, स्वातंत्र्यानंतर केनियाने नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत दिली होती. आजोबांनी अर्ज आणला होता. तो जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवलेला असायचा, आई त्याच्यावर वही ठेवून गणितं करायची. डिसेंबर १९६५ मध्ये मुदत संपली. अर्ज कोराच राहिला. ६८ साली, ब्रिटनने दार लावून घ्यायच्या आत, ती सगळी लेस्टरला पोचली.

तिला विचारलं, आजोबांनी भरला का नाही? म्हणाली, "भरायचाच होता. पण पहिला कोण भरतो ते सगळे बघत होते."